हिरवा ओके

आमच्या संग्रहात ‘ओके’ हा शब्द एक लाख अठ्ठावीस हजार चारशे वेळा साठवलेला आहे. त्यांतला एकही कोणी आमच्यासाठी उच्चारलेला नाही. माणसे डॉक्टरांशी, परिचारिकांशी, विम्याच्या प्रतिनिधींशी बोलत होती. कुठल्याशा कागदावर त्यांनी सही केली होती आणि त्या सहीमुळे त्यांचे बोलणे आमचे झाले.

याच शब्दाची निवड का, असे मला परिषदांमध्ये नेहमी विचारले जाई. माझे उत्तर तयार असे. टेम्पो मागे घेताना क्लीनर ‘ओके, ओके’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘अजून ये’ असतो आणि शेवटच्या ओकेचा अर्थ ‘थांब’. आई ‘ओके, ठेवते’ म्हणते तेव्हा तो निरोप असतो. वर्गात शिक्षक ‘ओके’ म्हणतात तेव्हा पुढचा धडा सुरू होतो. ऐकले एवढेच कळवायचे असते तेव्हाही ओके, आणि पटले नाही पण वाद नको असतो तेव्हाही ओके. परक्या भाषेतून आलेला, कोणाच्याच घरचा नसलेला हा शब्द ‘हो’पेक्षा सोयीचा ठरला, कारण ‘हो’ म्हटल्यावर माणूस थोडा तरी बांधला जातो. मिरजेच्या रुग्णालयांत आम्ही केलेल्या पाहणीत, शस्त्रक्रियेविषयीच्या प्रश्नाला शंभरातले एकाहत्तर रुग्ण ‘ओके’ असेच उत्तर देत होते. त्यातल्या कितींना खरोखर शस्त्रक्रिया हवी होती, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

हे ठाऊक करून घेण्यासाठी आम्ही ‘रुकार’ हे यंत्र बनवले.

त्यामागचे विज्ञान अवघड नाही. हा शब्द उच्चारायला सरासरी चार दशांश सेकंद लागतात. ‘ओ’ संपताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो, हवा अडते आणि सुटते, तो ‘क’. अडण्याचा हा काळ माणसाला जाणूनबुजून सहजासहजी बदलता येत नाही. त्याखेरीज प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा विलंब, उत्तराआधी श्वास घेतला की रोखला, शेवटच्या ‘ए’चा सूर किती उतरला आणि स्वरतंतू किती ताणलेले होते, अशी एकूण चौतीस मापे आम्ही घेत असू. मनातले वाचण्याचा दावा आम्ही कधीच केला नाही. माणसांनी आधी ऐकून वर्गवारी केलेल्या हजारो नमुन्यांपैकी नवा नमुना कोणाच्या सर्वांत जवळ बसतो, एवढेच यंत्र सांगते. वर्ग सात होते. रुग्णालयाला त्यांतल्या दोनांशीच कर्तव्य होते. एकाला आम्ही ‘होकार’ म्हणत असू आणि दुसऱ्याला ‘नमतं’. होकाराला हिरवा दिवा लागे, नमत्याला तांबडा. तांबडा लागला की वेगळ्या डॉक्टरने रुग्णाशी एकांतात बोलल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येत नसे. तोंडी संमतीचा कायदा आला आणि चार वर्षांत तीनशे बारा रुग्णालयांत ‘रुकार’ बसला.

म्हणजे सगळा भार ऐकणाऱ्या माणसांवर होता. म्हणून आम्ही कान निवडून घेतले. यास्मिन सतारमेकर ही त्यांतली सर्वांत तयार श्रोती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात. तारा टेकतात त्या घोडीवर कानस एकदा जास्त फिरली तर तारेच्या आवाजात काय बिघडते, हे तिला शाळेत जाण्याच्या वयापासून ऐकू येत होते. आमची पद्धत अशी होती: प्रत्येक नमुना तीन श्रोते स्वतंत्रपणे ऐकणार, दोघांचे जुळले तर वर्ग पक्का, तिघांची तीन मते झाली तर नमुना पंचाकडे जाणार. पंच मी होते. पंचाने नमुना पाच वेळा ऐकायचा, वीस नमुन्यांनंतर दहा मिनिटे कानांना विश्रांती द्यायची आणि मगच निर्णय करायचा, हा नियमही माझाच.

दोन हजार एकशे चाळीस नमुने माझ्याकडे आले. नियमाप्रमाणे ऐकले असते तर दीड महिना लागला असता. सरकारी समितीपुढचे प्रात्यक्षिक नऊ दिवसांवर होते.

मी ते ऐकले नाहीत. मी रुग्णालयाच्या फायली मागवल्या. ज्या रुग्णाने चोवीस तासांच्या आत संमतिपत्रावर सही केली आणि ज्याची शस्त्रक्रिया झाली, त्याचा ओके मी ‘होकार’ या वर्गात टाकला. हे काम तीन दिवसांत उरकले. युक्ती सुचल्याचा मला थोडा अभिमानही वाटला. तिच्यातला दोष दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दाखवता आला असता: जो माणूस तोंडाने नमते घेतो तो सहीही करतोच, आणि ती सही खरी आहे का हे तपासण्यासाठीच तर यंत्र हवे होते. चाचणीसाठी बाजूला ठेवलेले नमुनेही त्याच ढिगातून घेतले होते, म्हणून यंत्र शंभरांत चौऱ्याण्णव वेळा बरोबर ठरले. ते माझ्याशी सहमत होते, इतकाच त्याचा अर्थ.

यास्मिनने तेव्हा विचारले होते, “मॅडम, पंचाचे सगळे नमुने झाले? इतक्यात?”

“झाले.”

“ऐकून?”

“मग कसे होतील?”

“नाही, म्हटलं, मला त्यातला एकेक दहा मिनिटं घ्यायचा,” ती म्हणाली आणि हेडफोन जागेवर ठेवायला गेली. दोन महिन्यांनी ती नोकरी सोडून घरच्या दुकानात परत गेली. तिने कारण दिले नाही आणि मी विचारले नाही.

माझ्या भावाची, बाहुबलीदादाची, मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे गेल्या वर्षी कळले. सांगलीत त्याची मोटार चालवायला शिकवणारी शाळा आहे. अर्ध्या शहराने क्लच त्याच्या शेजारी बसून सोडला असेल. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले आणि सहा महिन्यांत त्याचा शर्ट खांद्यांपाशी इतका सैल झाला की दादा मला ओळखू येईना. डॉक्टरांनी घरातला दाता शोधायला सांगितले. पद्मजावहिनीचा रक्तगट जुळला नाही. मला मधुमेह आहे, त्यामुळे मी पहिल्या चाळणीतच गळले. तो निकाल हातात आला तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

आक्काचे सगळे जुळले. सुगंधाक्का आम्हा तिघांत थोरली, एकोणसाठ वर्षांची. नवऱ्याने घर सोडल्यावर पंधरा वर्षांपूर्वी ती दादाकडे राहायला आली, ती तिथलीच झाली. वरच्या मजल्यावर तिची खोली आहे.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. दादाच्या ताटात बिनमिठाची भाजी होती.

“तर डॉक्टर म्हणतात, आक्काचं चालतंय,” वहिनीने विषय काढला.

“म्हणजे चौदा पानांच्या रिपोर्टात माझं कायतरी चांगलं निघालं,” आक्का म्हणाली. “शाळेत कधी निघालं नव्हतं.”

दादा हसला. मग ताटाकडे बघत म्हणाला, “आक्का, तुझ्यावर जबरदस्ती नाही हां.”

“ओके की. माझं काय त्यात.” आणि ती वहिनीला म्हणाली, “त्याला आमटी नको वाढू, मीठ पडलंय.”

मीही त्याच पंगतीत बसले होते. त्या शब्दावर मी बावीस शोधनिबंध लिहिलेले आहेत. मी भाकरी मोडून घेतली.

पंधरवड्याने मिरजेच्या रुग्णालयात रीतसर संमती झाली. प्रत्यारोपण विभागाच्या डॉक्टर मगदूमबाईंनी आक्काला सगळे समजावले: कुठे छेद देणार, किती दिवस पडून राहावे लागेल, एका मूत्रपिंडावर आयुष्य कसे निघते, हजारात किती दाते दगावतात. आम्ही नातेवाईक काचेच्या या बाजूला होतो. शेवटी त्यांनी विचारले, “तुम्ही हे स्वखुशीने देताय. ओके?”

“ओके,” आक्का म्हणाली.

दिवा हिरवा लागला. दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला. “हेमाच्या यंत्रानं पास केलं बघ.”

मूळ नोंदी पाहण्याचा अधिकार संशोधक म्हणून मला आहे. दुसऱ्या दिवशी मी आमच्या संशोधन केंद्रात गेले आणि आक्काचा नमुना उघडला. विलंब एक पूर्णांक नऊ सेकंद. श्वास रोखलेला. ‘क’ नेहमीच्या दुप्पट अडलेला. तरीही हिरवा कसा, हे पाहण्यासाठी मी यंत्राला त्याचे शेजारी विचारले, म्हणजे ज्या पन्नास नमुन्यांशी जवळीक पाहून त्याने निकाल दिला होता ते. पन्नास ओळी पडद्यावर आल्या. त्यांतल्या एकेचाळीस ओळींपुढे ‘प’ हे अक्षर होते. पंचाने ठरवलेला नमुना, अशी त्याची खूण.

यंत्राने चूक केली नव्हती. मी शिकवले तेच ते बोलले होते.

मी तो नमुना घेऊन यास्मिनच्या दुकानात गेले. ती मांडीवर तंबोरा आडवा घेऊन घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत होती. कोणाचा आवाज आहे हे मी सांगितले नाही. तिने माझा हेडफोन लावला, डोळे मिटले आणि सात-आठ वेळा ऐकले.

“नमतं,” ती म्हणाली.

“खात्री आहे?”

“मॅडम, हे बोलणं नाही. जिन्यात समोरून कोणी आलं की आपण भिंतीला सरकून त्याला वाट देतो ना, तसं आहे.” तिने हेडफोन काढून मला दिला. “यंत्र काय म्हणालं?”

“हिरवा.”

तारेवरून एकदा बोट फिरवून तिने धागा केसभर मागे घेतला. मग म्हणाली, “ते पंचाचे नमुने तुम्ही ऐकले नव्हते.”

“नव्हते.”

“मला वाटलंच होतं. मी तेव्हाच जोर करून विचारायला हवं होतं. नोकरीचा विचार केला मी.” आणि हेडफोनकडे बोट दाखवून, “कोण आहेत या बाई?”

“माझी बहीण.”

संध्याकाळी मी आक्काच्या खोलीत गेले. ती खाटेवर बसून दादाच्या शर्टाचे बटण लावत होती.

“आक्का, तुला खरंच द्यायचंय?”

“आता काय विचारतीस? सगळ्यांसमोर विचारलं की त्या बाईनं. तुझा दिवा पण लागला.”

“दिवा चुकला असेल.”

“चुकतो व्हय तुझा दिवा?” तिने दोरा दाताने तोडला. “पंधरा वर्षं झाली मी इथं राहिल्याला. बाहूनं एकदा तोंडातनं शब्द काढला नाही. पद्मजानं सुद्धा नाही. नवरा गेलेल्या बाईला कोण ठेवून घेतंय असं?”

“मी ते विचारत नाही. तुला भीती वाटते का?”

“वाटती की. पोटाला हात लागतो झोपेत, तरी दचकून उठते. पण भीती वाटती म्हणून भावाला नाही म्हणायचं असतंय का?”

“नको असेल तर नको म्हण.”

“तू म्हण की,” आक्का म्हणाली. आवाज चढवलाही नाही. “तू मिरजेत राहतीस. मला इथं नको म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी याच जिन्यानं खाली उतरून त्याच्या डोळ्यांसमोर चहा करायचा. तुझं काय जातंय बोलायला.”

शर्टाची घडी घालून तिने ती माझ्या हातात दिली, जाताना खाली ठेव म्हणाली.

पुढचे दोन दिवस मी आकडे मांडले. शास्त्रज्ञाला निर्णय टाळायचा असतो तेव्हा तो आकडे मांडतो. पंचाच्या नमुन्यांमुळे चार वर्षांत किती हिरवे दिवे चुकीचे लागले असतील याचा अंदाज काढला; खालची मर्यादा सहा हजार आली. त्यांतल्या प्रत्येकाच्या अंगावर कुठेतरी टाके होते. दादाची शस्त्रक्रिया अकरा दिवसांवर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नियंत्रक मंडळाला पत्र लिहिले. त्यात सबब लिहिली नाही. नमुने न ऐकता वर्ग दिले, कागदपत्रांवरून दिले आणि सहकारी श्रोतीने विचारले असता खोटे सांगितले, असे तीन वाक्यांत लिहिले. दुपारपर्यंत तीनशे बारा ठिकाणची यंत्रे बंद झाली. चार वाजता मगदूमबाईंचा फोन आला: ‘रुकार’वर आधारलेली प्रत्येक संमती रद्द झाली होती, आता दात्यांच्या एकांतात मुलाखती होतील, तोवर शस्त्रक्रियांच्या तारखा मागे.

मी हे दादाला डायलिसिसच्या खुर्चीत असताना सांगितले. त्याच्या हातातून निघालेल्या नळीत रक्त यंत्राकडे जात होते. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. गाडी शिकवणारा माणूस असतोच तसा. शिकणाऱ्याने ती भिंतीवर नेली तरी ओरडत नाही.

“चार वर्षं तुला हे माहीत होतं?”

“हो.”

“आणि आत्ता सुचलं.”

“आक्काचा नमुना पाहिला तेव्हा.”

“आक्का नको म्हणाली का?”

“नाही.”

“मग?” पंप फिरत होता. “अकरा दिवस थांबली असतीस, हेमा. चार वर्षं थांबलीस, त्यात अकरा दिवस. मग लिहायचं होतंस पत्र. कुणाचं काय बिघडलं असतं?”

कोणाचे बिघडले असते ते मला माहीत होते. ती त्याचे शर्ट सांभाळत होती. पण आक्काने माझ्याजवळ नकार दिलेला नव्हता, आणि तिच्या आवाजाचा अर्थ तिच्या परवानगीवाचून दादाला सांगणे म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या वतीने मीच ठरवणे होते. मी त्याच्या पायावरचे पांघरूण सारखे केले. त्याने पाय आखडून घेतला.

मुलाखत तीन आठवड्यांनी झाली, दादाच्या डायलिसिसच्याच दिवशी, म्हणजे दोन फेऱ्या नकोत. त्याचे चार तास आटोपल्यावर तो आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत फक्त आक्का आणि डॉक्टर मगदूम. काचेवर पडदा ओढलेला. चाळीस मिनिटे झाली. दादाने दोनदा घड्याळ पाहिले आणि एकदा मला पाण्याची बाटली दिली. त्या तीन आठवड्यांत त्याने आपणहून मला दिलेली ती पहिली वस्तू.

दार उघडून मगदूमबाई बाहेर आल्या आणि दादाला म्हणाल्या, “तेरदाळे, बहिणीच्या बाबतीत वैद्यकीय कारणामुळे आपल्याला पुढे जाता येणार नाही. दात्या म्हणून त्या योग्य नाहीत. तपशील आम्ही नातेवाइकांना देत नाही. मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी तुमचं नाव प्रतीक्षायादीत आहेच, ते तसंच पुढे चालू राहील.”

मागून आक्का आली. पदर नीट करत म्हणाली, “कायतरी निघालंय म्हणे माझ्यात. चालत नाही म्हणतात.”

हे वाक्य मला परिचयाचे होते. दाता एकांतात ‘माझी इच्छा नाही’ म्हणाला, तर त्याला घरी तोंड दाखवता यावे म्हणून रुग्णालय बाहेर नेमके एवढेच सांगते. खरोखर दोष निघाला तरीही एवढेच सांगते, म्हणजे दोन्हीत फरक कळू नये. यंत्र बनवताना मी ही नियमावली वाचली होती. दादाने वाचलेली नव्हती. पण तीस वर्षे तो शेजारच्या सीटवरून माणसांचे चेहरे वाचत आला होता.

दादाच्या औषधांचा कागद घ्यायला आक्का खिडकीकडे गेली, तेव्हा त्याने मला हाताने खाली बसवले.

“हेमा, तू आवाजातलं ओळखतीस. तुझी विद्याच ती. आता खरं सांग. आक्का खरं बोलली का?”

मी ऐकले होते. न ऐकायचे ठरवले असते तरी कान थांबले नसते. विलंब नव्हता, श्वास मोकळा होता, स्वरतंतू सैल होते; आणि वाक्यातल्या ‘म्हणे’वर सूर किंचित वर गेला होता, पाठ केलेल्या वाक्यात जातो तसा. इतक्या वर्षांत आक्काचा आवाज इतका हलका मी ऐकला नव्हता. वर्ग देण्यात कुठलीही शंका नव्हती. यास्मिनला विचारायचीही गरज पडली नसती.

“खरं बोलली,” मी म्हणाले.

दादाने माझ्याकडे पाहिले. माझा आवाज मोजायला त्याच्याकडे काहीच साधन नव्हते.

“मी आपलं स्वतःचंच धरून बसलो,” तो म्हणाला. त्याचा चेहरा बदलला, आणि त्या बदलासाठी माझी तयारी नव्हती. बाकाचा आधार घेत तो उठला आणि खिडकीकडे गेला. “आक्का, काय निघालंय ते बघायला पाहिजे. असं कसं सांगत नाहीत? उद्या आपण कोल्हापूरला दाखवू. माझं राहू दे चार दिवस. तुला कधीपासून त्रास होतोय? बोलायचं नाही का?”

“काय नाही रे मला,” आक्का म्हणाली.

“तू गप. तू कधी सांगतीस?” त्याने तिच्या हातातला कागद काढून घेतला, तिचा दंड धरला आणि तिला पायऱ्या उतरवू लागला. तिला एकेक पायरी दाखवत होता. प्रत्येक पायरीवर त्याचाच पाय थरथरत होता.

मधल्या पायरीवर आक्काने त्याच्या खांद्यावरून वळून माझ्याकडे पाहिले. मी पुढे होऊन त्याच्या दुसऱ्या बाजूने हात धरला, आणि आम्ही तिघे खाली उतरलो.